जुन्या होडीचं रिगिंग बदलताना: तारेआधी टोकं बघा

कापसाचा बोळा डाव्या श्राउडवरून, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरून ठेवणाऱ्या तारेवरून, खाली सरकत आला आणि अगदी शेवटी, तार टोकाच्या नळीत शिरते तिथे, अडकला. बोळा उचलला तरी एक पांढरा तंतू तिथेच लोंबत राहिला. भिंग लावून पाहिलं. तारेच्या १९ पदरांपैकी एक तुटून केसाएवढा बाहेर आला होता.

होडी १९७८ ची, २७ फुटी, फायबरग्लासची. तिचं रिगिंग शेवटचं कधी बदललं याची नोंद आधीच्या मालकाकडेही नव्हती. "एक तुटला म्हणजे १८ आहेत की अजून," धाकटा भाऊ म्हणाला. मी पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, वजाबाकी मलाही येते. पण उरलेल्या १८ पदरांनी तेवढेच हेलकावे खाल्लेत आणि तेवढंच मीठ प्यायलंय. एक पदर तुटला की ती तार बाद, आणि एक तार बाद झाली की तिच्याच वयाच्या बाकीच्या सातही बाद. आम्ही सगळं बदललं. ते कसं केलं, कुठे चुकलो आणि पुन्हा करायचं झालं तर कसं करीन, ते सांगते.

हे सगळं उभ्या रिगिंगबद्दल आहे, म्हणजे डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांबद्दल. आमच्या होडीत अशा आठ: पुढे फोरस्टे, मागे बॅकस्टे, दोन्ही बाजूंना शेंड्यापासून स्प्रेडरवरून (डोलकाठीच्या आडव्या दांडीवरून) खाली येणारा एकेक कॅप श्राउड, आणि स्प्रेडरच्या मुळाशी जोडलेले चार लोअर. आठ तारा म्हणजे सोळा टोकं. काम या सोळा टोकांचं आहे. मधली तार क्वचितच दगा देते.

आधी काय तपासायचं

स्टेनलेस गंजत नाही, ही अर्धी गोष्ट आहे. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर बसतो, आणि तो थर पोलादाला वाचवतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की थर पुन्हा बसतो. ऑक्सिजन पोचणार नाही अशा फटीत खारं पाणी साचलं, तर थर मोडतो आणि पुन्हा धरत नाही. तारेच्या खालच्या टोकाची दाबून बसवलेली नळी म्हणजे नेमकी अशी फट. पाऊस आणि समुद्राचे शिंतोडे तारेवरून ओघळतात, पदरांमधून नळीत उतरतात आणि तिथेच राहतात. वरच्या टोकाला नळीचं तोंड खाली असतं, पाणी गळून जातं. म्हणून खालची टोकं आधी जातात.

जुन्या फोरस्टेचं खालचं टोक मी नंतर हॅकसॉने उभं चिरलं. बाहेरून ते चकचकीत होतं. आत तपकिरी भुकटी, आणि मधला पदर नखाने खरवडला तर सुटत होता.

खाऱ्या पाण्यात १० ते १५ वर्षं, असा तारेच्या आयुष्याचा सर्रास धरला जाणारा अंदाज आहे. विमा कंपन्याही बऱ्याचदा त्याच सुमारास विचारायला लागतात. तुमच्या होडीचं वय कळत नसेल, तर ते संपलंय असंच धरा.

बोळा फिरवा, बोट फिरवू नका. तुटलेला पदर मासे पकडायच्या गळासारखा घुसतो. नळीवर उभी चीर आहे का, नळी वाकली आहे का, तोंडाशी तपकिरी ओघळ आहे का, टर्नबकलचा, म्हणजे तार आवळायच्या पेचाचा, स्क्रू सरळ आहे का, ते बघा. शंका असेल तिथे डाय पेनिट्रंट वापरा: भाग स्वच्छ करून लाल रंग फवारायचा, डब्यावर लिहिलेली वेळ थांबायचं, पुसायचं आणि पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती रेघ उमटताना बघणं मला भारी आवडलं, आणि भावाला अजिबात नाही.

आता चेनप्लेट. तार जिला अडकते ती धातूची पट्टी, जी डेकमधून आत जाऊन बल्कहेडला (होडीतल्या आडव्या भिंतीला) बोल्टने बसवलेली असते. तारा नव्या घालून चेनप्लेट तशाच ठेवणं म्हणजे नव्या पट्ट्याला जुनं मोडकं बक्कल लावणं. त्या बाहेर काढल्याशिवाय काही कळत नाही, कारण खराबी डेकच्या जाडीत, सीलंटखाली लपलेली असते. तिथेही हवा नाही आणि ओल आहे, तोच प्रकार. आमच्या सहा श्राउड चेनप्लेटपैकी चार ठीक होत्या, एकीवर डेकच्या रेषेत सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, आणि एकीला सगळ्यात वरच्या बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत आडवी चीर होती. सहाही नव्या करून घेतल्या, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या, तेवढ्याच जाडीच्या. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं.

चेनप्लेट निघाल्यावर भोकाभोवतीचा डेक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय. तेवढा भाग पोखरून, पूर्ण वाळवून, इपॉक्सीने भरा आणि मग त्यातून नवीन भोक पाडा, म्हणजे पुढे सीलंट गळलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही. आमचे दोन आठवडे इथेच गेले. तारा बदलायला तीन दिवस लागले.

डोलकाठी उतरवायची की नाही

उभ्या डोलकाठीवर एकेक तार बदलता येते. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) ताणून तात्पुरता आधार द्यायचा, वर चढायचं, एक काढायची, एक लावायची. काही जण असं करतात. मी म्हणेन, उतरवा. ज्या तारांवर तुमचा विश्वास उरलेला नाही, त्यांच्याच भरवशावर वर चढण्यात शहाणपण नाही. शिवाय शेंड्यावरच्या कप्प्या, तारा अडकवायच्या पट्ट्या, स्प्रेडरची मुळं आणि दिव्यांच्या वायरी जमिनीवर, स्टुलावर बसून बघता येतात.

आठवडाभर आधीपासून टर्नबकलच्या आट्यांवर रोज तेल सोडा. उतरवायच्या दिवशी वारा नको. शिडं, बूम (शिडाखालची आडवी काठी), वाऱ्याचा दर्शक आणि अँटेना आधीच काढा, दिव्यांच्या वायरी डेकपाशी सोडा. क्रेनचा पट्टा डोलकाठीच्या तोलाच्या बिंदूच्या वर हवा. एक स्प्रेडरजोडी असेल तर सहसा स्प्रेडरच्या खाली लागून येतो. पट्ट्याला एक लांब दोरी बांधून ठेवा, नंतर तो खाली ओढायला लागते. क्रेनने वजन पेललं आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरच पिना काढायच्या, आणि एक माणूस फक्त बुडखा सांभाळायला. एखादा टर्नबकल अडलाच तर पाना लांब करून झुंजू नका. वजन क्रेनवर आहे, तार बाद करायची आहे, कापून टाका. पण तिची लांबी आधी घेतलेली हवी!

मापं, आणि माझी सरासरी

इथे मी चुकले, म्हणून इथे जरा थांबते.

डोलकाठी आडवी झाल्यावर आम्ही टर्नबकल काढून ठेवले आणि तारा मोजल्या. उजवा कॅप श्राउड ९.१८ मीटर, डावा ९.२२. होडी दोन्ही बाजूंनी सारखी, मग तारा वेगळ्या कशा? मोजण्यातली चूक असणार, असं म्हणून गणिताच्या शिक्षिकेने सरासरी काढली. दोन्ही तारा ९.२० ला केल्या.

चूक मोजण्यात नव्हतीच. उजव्या बाजूला टर्नबकलखाली टॉगल (सर्व बाजूंना वळू देणारा जोड) होता, डाव्या बाजूला कुणीतरी तो कधीतरी गाळला होता आणि ती ४ सेंटीमीटरची उणीव तारेने भरून काढली होती. नव्या रिगिंगमध्ये दोन्हीकडे टॉगल आले, तेव्हा दोन्ही तारा २ सेंटीमीटर लांब ठरल्या, आणि ताण देईपर्यंत टर्नबकल जवळजवळ बंद. पुढे आवळायला जागाच नाही. नशीब, चूक लांबीच्या बाजूची होती. कापलेली तार कुणाला वाढवता येत नाही.

तेव्हा, नुसती तार मोजू नका. पिनेपासून पिनेपर्यंत मोजा: वरच्या पिनेचा मध्य ते चेनप्लेटच्या पिनेचा मध्य, मधे टर्नबकल आणि टॉगल जसे असतील तसे धरून. टर्नबकल किती उघडा होता तेही लिहा. मग नव्या सुट्या भागांची लांबी वजा करून नव्या तारेची लांबी काढा. मोजताना तार जमिनीवर वेटोळी पडलेली नको. दोन खांबांमध्ये हाताने ताणून बांधा आणि पोलादी टेपने मोजा. डावी-उजवी ठरवताना तोंड होडीच्या पुढच्या टोकाकडे. चिठ्ठी दोन्ही टोकांना लावा, आणि मास्किंग टेपवर पेनने लिहून त्यावर पारदर्शक टेप चिकटवा, कारण नुसती शाई पहिल्याच पावसात गेली आणि चार लोअर एकमेकींच्या जुळ्या बहिणी होऊन बसल्या.

नवीन तार समुद्रातल्या पहिल्या काही फेऱ्यांत किंचित लांबते, पदर एकमेकांत बसतात. म्हणून सुरुवातीला टर्नबकल अर्ध्यापेक्षा थोडा जास्तच उघडा राहील असा हिशेब धरा. मात्र प्रत्येक स्क्रूचे आटे आत त्याच्या जाडीच्या दीडपट तरी गुंतलेले हवेत.

जाडीबद्दल एकच सांगते: होडीला जी होती तीच. आमची ५ मिलिमीटरची १९ पदरी, तुटण्याचा भार सुमारे २ टन. "६ ची घालू, काम पक्कं," असा मोह होतो. पण जाड तारेला मोठी टोकं, मोठ्या टोकांना मोठ्या पिना, पिनांसाठी चेनप्लेटची भोकं मोठी, म्हणजे भोकाच्या कडेला धातू कमी. वर शेंड्याकडे वजन वाढलं ते वेगळंच. काही जुन्या होड्यांवर मापं इंचात असतात. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, ५ नव्हे. इंचाच्या टोकात मिलिमीटरची तार घालायची नाही, आणि मोठ्या भोकात बारीक पिन खुळखुळत ठेवायची नाही.

टोक बसवणं

टोकं दोन प्रकारची. एक दाबलेलं: नळीत तार घालून यंत्राने दाबायचं. ते काम यंत्रवाल्याकडेच द्या. दुसरं पेचाचं, स्टा-लॉकसारखं, जे दोन पान्यांनी घरी बसवता येतं आणि उघडून बघताही येतं. मी मिश्रण केलं. वरची टोकं दाबून घेतली, तारा खालच्या बाजूला हातभर जास्त ठेवल्या, आणि खालची टोकं पेचाची, स्वतः बसवली. खालीच पाणी शिरतं आणि खालीच चुका निस्तराव्या लागतात, त्यामुळे हा खर्च मला पटला.

कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेप घट्ट गुंडाळा. बारीक दातांची हॅकसॉ किंवा ग्राइंडरची पातळ चकती चालते. दाबून कापणारी साधी पक्कड नको, तार चपटी होते. काप काटकोनात हवा.

आता आधी नळी तारेवर चढवा. हे वाक्य मी वहीत तीनदा लिहिलंय. पहिल्या टोकाला पदर उलगडून, कोन (आत बसणारा शंकूसारखा तुकडा) बसवून, पदर पुन्हा सुंदर लावून झाले आणि भाऊ म्हणाला, "ताई, नळी कुठाय?" नळी बाकावर होती.

नळी चढली की बाहेरचे १२ पदर पिळाच्या उलट दिशेने उलगडा. आत ७ पदरांचा गाभा उरतो. तो सोडवायचा नाही. गाभ्यावर कोन सरकवा, निमुळती बाजू तारेकडे. गाभ्याचं टोक कोनाच्या बाहेर दीड-दोन मिलिमीटर राहतं. निर्मात्याच्या कागदावर नेमका आकडा असतो, तोच पाळा. मग बाहेरचे पदर त्यांच्याच पिळाने कोनाभोवती परत बसवा, सगळ्यांत सारखं अंतर ठेवून. कोनाला एक फट असते, त्यात एकही पदर पडू द्यायचा नाही. नळी वर ओढून पदर पकडा, टोकाचा पेचाचा दुसरा भाग लावून आवळा. आणि पुन्हा उघडा.

उघडून बघणं हाच या टोकाचा फायदा आहे. सगळे पदर सारखे आत वळलेले दिसले पाहिजेत. एखादा दुसऱ्यावर चढला असेल किंवा फटीत गेला असेल तर तेवढं टोक कापा, नवा कोन घ्या, पुन्हा करा. बरोबर असेल तर आत सीलंट भरा, आट्यांवर लॉकिंगचं द्रावण लावा आणि शेवटचं आवळा. नळीच्या तोंडातून थोडं सीलंट बाहेर आलं की समजायचं आत पाण्याला जागा उरली नाही. आवळताना दंडाची ताकद दाखवू नका.

माझ्या सरासरीची दुरुस्ती अशीच झाली. दोन्ही कॅप श्राउडची खालची टोकं कापून पुन्हा बसवली, दोन कोन वाया गेले. दाबलेली टोकं असती तर दोन तारा गेल्या असत्या. पहिलं टोक बसवण्याआधी नव्या तारेच्या तुकड्यावर सराव करा. जुन्या तारेवर नको, ती कापली की पिसारते आणि उगाच आत्मविश्वास जातो.

उभी करण्याआधी

डोलकाठी खाली आहे तोवर बरंच उरकून घ्या. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना टेकतात तिथे ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मधे ड्युरालॅकसारखा लेप लावा. शेंड्याच्या कप्प्या हाताने फिरल्या पाहिजेत. दिव्यांच्या वायरी जुन्या असतील तर आताच बदला.

स्प्रेडरचा कोन तपासा. श्राउड स्प्रेडरच्या टोकावर वळतो. त्या वळणाच्या वरचा आणि खालचा कोन सारखा हवा, म्हणजे स्प्रेडर किंचित वर उचललेला दिसतो. आमचा डावा मान टाकून बसला होता. असा स्प्रेडर ताणाखाली घसरू शकतो, आणि तो घसरला की डोलकाठी वाकते.

आतून डोलकाठीखालचा आधारही बघा. आमच्या होडीत डोलकाठी डेकवर उभी असते आणि खाली बल्कहेड तिचं वजन घेतं. केबिनचं दार जोराच्या वाऱ्यात अडकायचं. हवेतल्या दमटपणाने फुगतं असं आम्ही समजत होतो, निघालं डोलकाठीखालचं लाकूड मऊ. ते बदललं.

टॉगल सगळ्या खालच्या टोकांना, आणि फोरस्टेला वर आणि खाली दोन्हीकडे. शिडामुळे फोरस्टे आडवा वाकत राहतो. टॉगल नसेल तर ते वाकणं तारेच्या मानेवर येतं. टर्नबकल सगळे तेच एक टोक वर करून लावा, म्हणजे आवळायची दिशा सगळीकडे एकच राहते. स्टेनलेसचे स्टेनलेसमध्ये फिरणारे आटे कोरडे फिरवले तर चिकटून बसतात. लॅनोलिन लावा.

ताण देणं

होडी पाण्यात, सामान जागेवर, कुणी एका बाजूला उभं नाही. सगळे टर्नबकल हाताने आवळा.

डोलकाठी आडव्या दिशेने मध्यावर आहे का ते ओळंब्याने बघू नका, होडीच कलती असेल तर ओळंबाही फसवतो. मेन हॅलयार्डला पोलादी टेप बांधून शेंड्यावर चढवा आणि डाव्या-उजव्या चेनप्लेटपर्यंतची अंतरं मोजून सारखी करा. मागचा कल मात्र ओळंब्यानेच. हॅलयार्डला वजन बांधून ते पाण्याच्या बादलीत सोडा, हलायचं थांबतं. आमच्या प्रकारच्या रिगला साधारण १ अंश पुरतो; ९.५ मीटरच्या डोलकाठीवर ते १६-१७ सेंटीमीटर होतात. तो फोरस्टे आणि बॅकस्टेने जमवा.

मग लोअर, डोलकाठी सरळ राहील एवढेच. डोलकाठीवर शीड ज्या खाचेत बसतं, तिच्या रेषेतून वर एक डोळा मिटून बघा.

शेवटी कॅप श्राउड. ताण मोजायला लूस गेज मिळतं, पण घडीच्या २ मीटरच्या पट्टीनेही भागतं. तार नुकती हाताने ताणलेली असताना पट्टीचं वरचं टोक तारेला टेपने पक्कं करा आणि खालचं टोक तारेवरच्या नळीच्या काठाशी जुळवा. आवळत गेलात की तार लांबते आणि पट्टी वर सरकते. १९ पदरी तारेत २ मीटरमागे १ मिलिमीटर फट म्हणजे तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण. ३ मिलिमीटर म्हणजे १५ टक्के, आणि आम्ही तिथे थांबलो. जाडी कितीही असो, प्रमाण तेच. मला हे इतकं आवडलं की सगळ्या तारांवर मोजत बसले. दोन्ही बाजू आळीपाळीने, एकेक फेरा. तार स्वतःभोवती फिरू नये म्हणून टर्नबकलच्या लगेच वरचं तारेचं टोक पान्याने धरून ठेवा.

बंदरातला ताण ही सुरुवात. मध्यम वाऱ्यात होडी १५-२० अंश कलेल अशी चालवा आणि खाचेतून पुन्हा वर बघा. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला शेंडा झुकत असेल तर कॅप सैल आहेत. मधला भाग फुगत असेल तर लोअर. जी बाजू सैल आहे तिथलाच टर्नबकल फिरवा, फेरे मोजा, दिशा बदला, दुसऱ्या बाजूला तेवढेच फेरे. ताणाखालचा टर्नबकल फिरवायचा नाही. सैल बाजूची तार किंचित ढिली असली तर चालते, झुलायला लागली तर आणखी आवळा.

मग कॉटर पिना, म्हणजे काही सुटू नये म्हणून घालायच्या दोन पायांच्या पिना. पाय थोडेसे फाकवा, १५-२० अंश पुरे. पूर्ण मुरगळून ठेवलेली पिन गरजेच्या वेळी निघत नाही. टोचू नये म्हणून टेपचा एक वेढा. टर्नबकलवर बंद प्लॅस्टिकची टोपी नको, आत पुन्हा तीच ओल आणि तीच बंद हवा.

दोऱ्यांचं थोडक्यात. जुने हॅलयार्ड अर्धी तार, अर्धी दोरी असतील तर पूर्ण दोरीचे घ्या, पण तारेसाठी अरुंद खाच असलेल्या कप्प्याही बदला, नाहीतर दोरी कडेला कातरली जाते. नवी दोरी जुन्या दोरीच्या टोकाला टोक लावून शिवा आणि ओढून घ्या. नुसती टेप भरवशाची नाही. आमची एक मधेच सुटली आणि डोलकाठीच्या पोटात पडली. ती काढायला बारीक साखळीचा तुकडा, एक सुतळी आणि एक दुपार लागली.

समुद्रातल्या तिसऱ्या फेरीनंतर कॅप श्राउड प्रत्येकी पाऊण फेरा आवळावे लागले, लोअर पाव. त्यानंतर हलले नाहीत. तारीख, फेरे आणि पट्टीवरचे मिलिमीटर वहीत लिहिले, आणि वही नकाशांच्या खणात ठेवली. ही होडी पुढे कुणी घेतली तर त्यांना कापसाचा बोळा घेऊन वय शोधत बसायला नको.